जाळपट्टा

शिमगा होऊन आठ दिवस उलटले, तरी करंजदऱ्याच्या वाडीवरचा पट्टा त्या साली जळाला नव्हता.

वाडी अकरा घरांची. वाईपासून दोन कोसांवर, डोंगराच्या अगदी पायाशी. घरांच्या मागं परसू, परसवामागं दगडाची गुडघाभर पवळ, आणि पवळीच्या वर लगेच सरकारी जंगल. मधे ना रस्ता, ना ओढा. घरं सगळी गवतानं शाकारलेली. रानातलं गवत आणि घरावरचं गवत यांत म्हटलं तर एका पवळीचंच अंतर होतं.

म्हणून दरसालची एक रीत होती. दिवाळी झाली की म्हसवडच्या अंगानं तात्याबा धनगर आपली मेंढरं घेऊन यायचा. पवळीच्या वरचा उतार त्याची मेंढरं दोन-तीन महिने चरायची. शिमग्याच्या आसपास तिथं नुसते बुडखे उरायचे. मग एखाद्या सकाळी, दव असतानाच, वाडीतले गडी तो उतार पेटवून शंभर पावलं रुंद पट्टा काळा करून टाकायचे. त्यानंतर वर रानात किती का वणवा लागेना, खाली येऊन तो पट्ट्यापाशी मरायचा.

त्या साली लढाईनं घोटाळा केला. लष्कराच्या जनावरांसाठी गवत राखायचा हुकूम निघाला. जंगलाचा गार्ड दिवाळीतच येऊन सांगून गेला, की वर मेंढरू घालायचं नाही, काडी ओढायची नाही. गवत कापायला ठेकेदाराची माणसं येतील. माणसं काही आली नाहीत. गवत कमरेला लागलं, छातीला लागलं, पिकलं, वाळलं. वारा सुटला की त्याची सळसळ घरात जेवताना ऐकू यायची.

जोतिबाचं घर वाडीच्या उगवतीच्या टोकाला, शेवटचं. पन्नाशीला टेकलेला, बोलायला कमी असा गडी. एकुलता लेक कृष्णात फौजेत, बर्माच्या बाजूला कुठंतरी. घरात बायको बनुबाई आणि सून अंजना. हरभरा काढायला आला होता, गहू पिवळा पडत होता, आणि जोतिबा सारखा मान वर करून डोंगराकडं बघायचा.

"काय बगताय सारकं?" बनुबाई विचारायची.

"न्हाई. वारा बगतोय."

परवान्यासाठी तो दोनदा वाईला जाऊन आला. पहिल्यांदा साहेब फिरतीवर होते. दुसऱ्यांदा कचेरीतल्या कारकुनानं त्याला बाहेर झाडाखाली बसवलं. तासाभरानं तो बाहेर आला आणि कोपऱ्यातला ओंडका दाखवून म्हणाला, "बसलायस तर तेवढा फोडून टाक." जोतिबानं ओंडका फोडला. सदरा घामानं पाठीला चिकटला. ढलप्या रचून ठेवल्या. कारकुनानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "साहेब आज येत नाहीत. अर्ज दे आणि जा."

"अर्ज मागल्या खेपंला दिलाय की साहेब."

"तो साताऱ्याला गेला."

"मग आता?"

"आता साताऱ्याहून येईल."

घरी येताना घाट उतरून त्यानं कृष्णेचं पाणी डोक्यावर घेतलं. पट्टा जाळायला नाही म्हणालेत, की हो म्हणालेत, की अजून काहीच म्हणाले नाहीत, हे त्याला नीट कळेना. वाडीत आल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साताऱ्याला गेलंय."

पोलीस पाटील लालासाहेब म्हणाला, "मग गप ऱ्हावा. हुकूम यिऊस्तवर कुनी काडी लावली, तर मला नाव द्यावं लागंल. आदीच दिवस वंगाळ हायती. चळवळीपायी रोज कुनाला ना कुनाला धरत्यात."

तीन दिवस जोतिबा गप्प राहिला. चौथ्या दिवशी तांबडं फुटायला तो उठला. गवतावर हात फिरवून बघितला. दव होतं, पण नावालाच. त्यानं बनुबाईला आणि अंजनाला हाक मारली.

"आपल्या घरामागचं तेवडं काळं करूया."

"आन् गार्ड आला तर?"

"आपल्या परसवातला पालापाचुळा पेटवला म्हनायचं."

 बनुबाईनं निरगुडीचे डहाळे तोडून आणले. अंजनानं दोन पोती भिजवून घेतली. जोतिबानं पवळीच्या वर चढून गवताला काडी लावली. जाळ आधी धुरकटला, मग एकदम फुसकारून उठला. तिघंही दोन बाजूंनी डहाळ्यांनी मारत, पोती आपटत त्याला आवरत राहिली. बनुबाईच्या लुगड्याच्या काठाला ठिणगी लागली, ती तिनं तळव्यानंच चिरडली. उन्हं पवळीवर यायच्या आत पन्नास पावलं लांब आणि वीस पावलं रुंद तुकडा काळा झाला. पुरा पट्टा नव्हे, पण आपल्या घरापुरता.

वरच्या कडेला ऐनाचं एक जुनं खोड होतं, आतून पोकळ. त्यातून धूर निघत होता. अंजनानं डोक्यावरची घागर त्यात ओतली. खोड चर्रर्र करून गप्प झालं.

"आनिक येक घागर आन," बनुबाई म्हणाली.

"हीर का जवळ हाय?" जोतिबा म्हणाला. त्यानं खोडात हात घातला. ओला कोळसा हाताला लागला, गार. "इझलं. चला."

त्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर जाऊन बघून आला. धूर नव्हता. असं त्याला वाटलं. पुढं त्यानं हे इतक्या वेळा आठवून बघितलं, की खरंच वर गेलो होतो की परसवातूनच नजर टाकली होती, याचीही त्याला खात्री राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघंही हरभरा उपटत होती. ऊन असं, की घाट्याला हात लावला तर टरफल फुटत होतं. अंजना कंबर सरळ करायला उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, खिंडीत ढग आल्यागत दिसतंय."

जोतिबानं बघितलं. उगवतीच्या खांद्यावर, खिंडीच्या अलीकडं, तपकिरी धूर उठला होता. तिथंच, थोडं पलीकडं, बंदीमुळं यंदा खाली न उतरलेल्या तात्याबाच्या मेंढरांचा वाडा पडलेला होता. आणि तिथूनच खाली उतरत आलं, तर जोतिबाचा काळा तुकडा लागत होता. धूर त्या दोहोंच्या मधून निघत होता, वरून की खालून, ते कळेना. वाऱ्यानं तो वाकवला आणि सगळा खांदाच झाकून टाकला.

"पळा!" बनुबाई ओरडली.

तिघं वाडीत पोचेपर्यंत आगीनं उतार धरला होता. आग खाली यायला वेळ घेते, पण मागं वारा होता. पेटलेल्या कुसळांचे झुबके उडून पुढं पडत होते आणि पडतील तिथं नवी आग होत होती. वाडीत एकच गोंधळ उडाला. कुणी गुरं सोडत होतं, कुणी दाण्याच्या कणग्या ओढत होतं. बायका घागरीनं आढ्यावर पाणी फेकत होत्या, त्यातलं निम्मं त्यांच्याच अंगावर पडत होतं. फौजेत गेलेले, मुंबईला गेलेले, पोलिसांच्या भयानं रानोमाळ झालेले असे वजा जाता वाडीत धडधाकट गडी सात उरले होते. ते पवळीवर चढले. कोयत्यानं गवत कापू लागले. छातीएवढं गवत कापून कापून किती कापणार? लालासाहेब फेटा सोडून तोंडाला बांधून ओरडत होता, "हिकडं या! न्हाई, तिकडं! तिकडं!" कोण तिकडं म्हणतोय आणि कोण इकडं, धुरात कुणाला काही समजेना.

जोतिबा आपल्या काळ्या तुकड्यावर उभा होता. तिथं तो राहिला असता तर त्याचं घर वाचलं असतं. आणि दहा घरं गेली असती. तो तिथून मावळतीकडं धावला, मग परत आला, मग पुन्हा धावला. हातात कोयता होता, पण कशावर मारायचा ते सुचेना.

तेवढ्यात धुरातून कुत्री आली, मागून मेंढरं आली, आणि त्यांच्या मागं तात्याबा. डोईवरचं पागोटं गेलेलं, दाढीचे केस एका बाजूनं जळालेले. मागं त्याची बायको हरणाबाई, दोन्ही काखांत दोन कोकरं. मेंढरं वाडीच्या गल्लीतून खाली वावरात घुसली. तात्याबा पवळीपाशी थांबला.

"कापतायसा काय?" तो ओरडला. "कापून न्हाई भागायचं. खालनं पेटवा!"

"डोस्कं फिरलंय व्हय तुजं?" लालासाहेब ओरडला. "वरनं आग येतीया आन् खालनं पेटवा?"

"आग आगीला वढती. पवळीच्या कडंनं पेटवा, ती वर धावंल. वरली खायाला येईस्तवर तिला खायाला ऱ्हायचं न्हाई."

"वारा खाली हाय. घरावर येईल!"

"आता येईल. जरा थांबलं तर न्हाई यायची."

तात्याबानं चिमूटभर माती उचलून सोडली. ती घरांकडं उडाली. तो उभाच राहिला. गडी कापायचं थांबून त्याच्याकडं बघू लागले. वरची आग आता स्पष्ट दिसत होती. धुराच्या खालून तिची लाल कड पुढं सरकत होती, आणि आवाज असा, की गाडीभर वाळके वासे कुणी एकदम मोडत आहे. करवंदीची एक जाळी भडकली. ससे, तितर, एक घोरपड पवळीवरून उड्या टाकून घरांत शिरली.

तात्याबानं पुन्हा माती सोडली. ती जागच्या जागी खाली पडली. तिसऱ्यांदा सोडली, तर ती वर, डोंगराकडं सरकली.

"आता," तो म्हणाला. त्यानं जोतिबाकडं बघितलं. "लावू?"

"लावू नगंस!" लालासाहेब ओरडला.

जोतिबाच्या तोंडात धूर गेला होता. तोंड उघडलं हे त्याला ठाऊक होतं. त्यातून शब्द निघाला की खोकला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तात्याबानं वाळक्या गवताचा मुठीएवढा बोळा पेटवला आणि पवळीच्या कडेनं मावळतीकडं धावत सुटला. वाकून वाकून, दर दोन पावलांवर गवताला लावत. त्याच्यामागं जाळ उभा राहत गेला. सगळ्या वाडीनं ते बघितलं. बायकांनी छाती बडवली. पण तो जाळ घराकडं आला नाही. एकदा वळला, पवळीवरून जीभ काढली, आणि मग कुणी पदर धरून ओढल्यासारखा वर गेला. वरची आग आणि खालची आग उताराच्या मध्यावर भेटल्या तेव्हा ताडाएवढा जाळ आभाळात गेला. सगळ्यांचे चेहरे भाजले. मग एकदम बसल्यासारखं झालं. खायला काही उरलं नव्हतं.

लोक माना खाली घालून खोकत असताना मावळतीच्या टोकाकडून सुलाबाईची किंकाळी आली.

सुलाबाई जोतिबाच्या चुलत्याची विधवा. एकटीच राहायची. तिच्या घराचं आढं पेटलं होतं. कुणी म्हणालं, वरून उडालेलं कुसळ पडलं. कुणी म्हणालं, तात्याबानं लावलेला जाळ टोकाला वळला. बघायला तिथं कुणीच नव्हतं. लोक धावले तोवर कूड पेटले होते. सुलाबाईला दोघांनी ओढून बाहेर काढलं. शेळी दाव्याला होती, ती राहिली. पंधरा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून जपलेलं त्याचं कांबळं राहिलं. अर्ध्या घटकेत चार कोपऱ्यांच्या मेढी तेवढ्या जळत उभ्या होत्या.

दहा घरं वाचली. पण त्या संध्याकाळी कुणी दहाचं नाव काढलं नाही.

दिवस मावळायच्या आधी गार्ड आला. तोही खिंडीकडून आगीतूनच आलेला. खाकी सदरा काळा, भुवया जळालेल्या. राखलेलं सगळं गवत गेलं होतं. त्याला वर जाब द्यायचा होता. पारावर बसून त्यानं पाणी मागितलं, तांब्या पुरा रिकामा केला आणि विचारलं, "कुणी लावली?"

 कुणीतरी म्हणालं, "लावताना तर धनगर दिसला."

"कुणी बघितलं?"

"समद्यांनीच बगितलं की."

ते खोटं नव्हतं. सगळ्यांनीच बघितलं होतं. लालासाहेब म्हणाला, "मी नगं म्हनत असताना लावली त्यानं. ह्ये मी सांगनार. आदी कुनी लावली ते मला म्हाईत न्हाई. पर वाडा त्याचा तितंच व्हता."

"दुपारच्याला आमी चूल पेटवलीच नव्हती," तात्याबा म्हणाला. "ताक-भाकरी खाल्लेली."

"आणि सकाळी?"

"सकाळी पेटवली व्हती."

"विझवली?"

"इझवली."

"नक्की?"

तात्याबानं हरणाबाईकडं बघितलं. "माती टाकली न्हवं गं?"

"टाकली," हरणाबाई म्हणाली. पण तिचा आवाज असा आला, की जणू तीच विचारत होती.

गार्डनं तात्याबाचे हात दोरीनं बांधले. सकाळी वाईला न्यायचं म्हणून त्याला लालासाहेबाच्या ओसरीवर बसवलं.

जोतिबा पाराच्या मागं उभा होता. तिथूनच तो मागं वळला. घरी आला, तर हरणाबाई अंगणात आली होती. बसली नाही. कोकरं अजून काखेतच होती.

"दादा, तुमाला इचारून लावली त्यानं. तुमी मान हालवली. तेवडं सांगा. दुसरं काय सांगू नगा."

जोतिबानं "व्हय" म्हटलं नाही, "न्हाई" म्हटलं नाही. ती कोकरं सावरून मेंढरांकडं गेली.

"मी काय म्हनलो तवा?" त्यानं बनुबाईला विचारलं.

"मला ऐकू न्हाई आलं. त्वांड हाललं तुमचं."

"आन् परवाचं?"

बनुबाई भाकरी थापत होती. हात थांबले. "परवाचं काय?"

"खोडाचं."

"त्ये इझलं व्हतं. तुमीच हात घातलासा."

"तू म्हनलीस आनिक येक घागर आन."

"म्या म्हनले. मी समद्यालाच म्हनती." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आवं, वाडीत कुनाला ठावं न्हाई. लेक फौजेत हाय. तुमाला नेलं तर गहू कुनी काढायचा? ही पोर आन् मी?"

अंजना चुलीपुढं खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "मामा, घागर अर्दीच व्हती. वाटंत हिंदकळली व्हती. म्या सांगितलं न्हाई."

 भाकरी करपली.

सकाळी फटफटायला जोतिबा पवळ ओलांडून वर गेला. सगळा डोंगर काळा होता. पायाखाली राख अजून उबदार. कुठून आग निघाली ते शोधायचं म्हणून तो चढत गेला. आपला काळा तुकडा कुठला आणि वणव्यानं केलेला काळा कुठला, ते ओळखू येईना. परवापर्यंत त्याच्या कडा आखल्यासारख्या दिसत होत्या. आता खालपासून खिंडीपर्यंत एकच रंग. तो चालत राहिला, मागं आला, पुन्हा गेला. ऐनाचं खोड होतं तिथं खड्डा उरला होता. त्यानं हात घातला. गरम लागलं. मग पाच पावलांवर, जिथं खोड नव्हतं, काहीच नव्हतं, तिथं राखेत हात घातला. तिथंही गरमच लागलं.

तो खिंडीजवळ तात्याबाच्या वाड्यापर्यंत गेला. चुलीचे तीन धोंडे होते. त्यांवर माती होती. ती विझवायला टाकलेली की वाऱ्यानं येऊन पडलेली, ते धोंडे काही सांगत नव्हते. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या मेखांशेजारी तीन मेंढ्या जळून पडल्या होत्या. तात्याबा खाली धावत आला, त्या वेळात त्या मागं राहिल्या असाव्यात.

जोतिबा धोंड्यावर बसला. खाली वाडी दिसत होती. दहा घरांतून सकाळचा धूर निघत होता. त्याला हसू आलं की रडू, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आपण कधी उठलो आणि कधी उतरायला लागलो, तेही नाही.

पारावर गार्ड जबाब लिहायला बसला होता. शेजारी लालासाहेब. तात्याबा खाली जमिनीवर, हात बांधलेले. त्याच्या मनगटांवर फोड आले होते, आणि दोरी फोडांवरूनच गेली होती.

"जंगलसाहेब, माजं लिवा," जोतिबा म्हणाला.

"तुझं काय?"

"तीन रोजामागं पाटंच्याला म्या घरामागं पट्टा जाळला. परवाना नव्हता. बायको आन् सून न्हवती, म्या येकट्यानंच."

लालासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. "जोतिबा, काय बोलतोयस?"

"खोडात इस्तू ऱ्हायला असंल. नसंलबी. पानी वतलं व्हतं. थोडं व्हतं."

गार्डनं लेखणी थांबवली. "म्हणजे वणवा तुझ्या आगीनं लागला?"

"ठाऊक न्हाई."

"मग ह्याच्या?"

"त्येबी ठाऊक न्हाई. म्या वर जाऊन बगून आलो. कळत न्हाई."

"अरे, असं लिहिता येत नाही. एक काहीतरी सांग."

"येक ठाऊक असतं तर येकच सांगितलं असतं."

"आणि ही खालून आग लावली ती?"

जोतिबानं तात्याबाकडं बघितलं. तात्याबा त्याच्याकडं बघत नव्हता; तो वावरात पांगलेल्या मेंढरांकडं बघत होता.

"ती लाव म्हनून म्या सांगितलं," जोतिबा म्हणाला. "ती लावली नसती तर आज हितं बसायला पार असता, वाडी नसती."

लोकांत कुजबुज झाली. सुलाबाई पाराच्या कडेला बसली होती. धुरानं तिचे डोळे सुजून बंद झाले होते. बोलणाऱ्याकडं ती कान फिरवत होती.

"माजं घर त्या आगीनं गेलं का?" तिनं विचारलं.

जोतिबानं तिच्या सुजल्या डोळ्यांकडं बघितलं. 

गार्डनं बराच वेळ कागदाकडं बघितलं. मग लिहिलं, वाचून दाखवलं नाही, आणि जोतिबाचा अंगठा घेतला. "चल तूही," तो म्हणाला. "साहेब बघतील."

बनुबाई घरातून आली. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी जोतिबाच्या हातात दिल्या. गाठोडं जड होतं. दोघांच्या होत्या. त्याच्या तोंडाकडं न बघता ती वळून हरणाबाईला म्हणाली, "मेंढरं आमच्या गव्हाच्या खालच्या वावरात बसव. तितं पानी हाय."

वाईच्या वाटेवर तिघं चालले. पुढं गार्ड, मागं दोघं. ओढ्यापाशी गार्डनं तात्याबाची दोरी सोडली, कारण त्याला पाणी पिता येईना. मग पुन्हा बांधली नाही.

"तू मला लाव म्हनला व्हतास?" तात्याबानं हळूच विचारलं.

"तुला काय ऐकू आलं?"

"मला काय बी ऐकू आलं न्हाई. म्या तुज्या तोंडाकडं बगून लावली."

दोघं ओढा ओलांडून पुन्हा वाटेला लागले.

"चूल म्याच इझवाय पायजेल व्हती," तात्याबा म्हणाला. "हरणीनं इझवली म्हनती. इझवली आसंल."

साहेबानं तात्याबाला दोन रात्री ठेवून सोडलं. पण जंगलाच्या हद्दीत पुन्हा मेंढरू दिसता कामा नये, अशी ताकीद मिळाली. तो आपली मेंढरं घेऊन उन्हाळ्याच्या तोंडालाच माणदेशाकडं परत गेला. तिकडं त्या दिवसांत गवताची काडी नसते. जाताना तो वाडीत थांबला नाही. जोतिबाला परवान्यावाचून जाळ केल्याबद्दल महिन्याची कैद झाली. वणवा कुणाच्या हातून लागला, ते कागदावर लिहिलंच गेलं नाही. साताऱ्याच्या तुरुंगात तो दोर वळायचा आणि मनातल्या मनात घागरीतलं पाणी मोजायचा. अर्धी, पाऊण, अर्धी.

तो सुटून आला तेव्हा चैत सरत आला होता. गहू बायकांनीच काढला होता. बनुबाईचे हात सोललेले होते, आणि तिनं ते त्याला दाखवले नाहीत. लेकाचं पत्र येऊन पडलं होतं, सगळं बरं आहे म्हणून. वाडीतली माणसं त्याला बघून जरा थांबायची, काहीतरी बोलायची आणि पुढं जायची. रागानं कुणी बोललं नाही. पण आपल्याला वाडी वाचवणारा समजतात की जाळणारा, हे त्याला त्यांच्या तोंडावरून ओळखता येईना. त्यांनाही ते ठरवता आलं नसावं.

सुलाबाई जळक्या मेढींवर घोंगडी टाकून त्याखाली राहत होती. दुसऱ्याच दिवशी जोतिबा कोयता घेऊन गेला. वर रानात काही उरलंच नव्हतं, म्हणून पार पलीकडच्या दऱ्यातून त्यानं वासे आणले. कारवी आणली. कृष्णाकाठच्या उसाच्या फडातून डोक्यावर पाचट वाहून आणलं. न बोलावताच लालासाहेब एक दिवस आला आणि मेढी रोवायला धरू लागला. दुपारी उठून निघून गेला. चार दिवसांत आढं चढलं.

सुलाबाईचा एक डोळा उघडला होता, दुसऱ्यानं तिला नीट दिसत नव्हतं. जोतिबा आढ्यावर बसून पाचट आवळत होता आणि ती खालून एकेक पेंढी वर देत होती. वारा पडलेला होता.

"जोतिबा."

"काय काकी?"

"खरं सांग. तुजीच आग व्हती का रं?"

त्याच्या हातातला दोर थांबला. महिनाभर तुरुंगात त्यानं या प्रश्नाला तीन-चार उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही तोंडाशी येईना.

"मला ठाऊक न्हाई, काकी."

"आन् त्या धनगराची?"

"त्येबी ठाऊक न्हाई."

"आन् माज्या घरावर पडली ती? वरली का खालची?"

"न्हाई ठाऊक."

सुलाबाई पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली. एक डोळा त्याच्यावर, एक कुठंच नाही.

"न्हाई ठाऊक म्हनतोस, त्ये तरी खरं का?"

"व्हय. तेवडं खरं."

ती मग चार पावलं मागं सरली, मान वाकडी करून घराकडं बघितलं आणि पेंढी खाली ठेवली.

"डाव्या अंगाची मेढ कललीया," ती म्हणाली. "खाली उतर आन् बग."

जोतिबा उतरला. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मेढ खरंच कललेली होती. त्यानं तिला खांदा लावला, आणि सुलाबाईनं वाकून बुडाशी दगड सारला.